ग्वाल्हेरचं तिघरा धरण आटतंय, नळ एक दिवस आड. गल्लीतल्या मोटरींचं काय करायचं?

गोठकरीण | रविवार, रात्री 9.40

नमस्कार मंडळी,

आज दुपारी सासऱ्यांना तिघऱ्यावर घेऊन गेले होते. महिनाभर मागे लागले होते, एकदा दाखवून आण म्हणून. नेलं नसतं तर बरं झालं असतं, असं परतताना वाटलं.

यंदा आपल्याकडे पाऊस आलाच नाही म्हणायचं. जुलैत चार सरी, ऑगस्ट कोरडा, आणि गणपतीत दोन दिवस पडला त्यावर काय धरण भरणार? पाण्याची पातळी 740 फुटांवर गेली की तिघरा भरतो. भरल्या पाण्याची काळपट रेघ दगडी भिंतीवर असते, ती आज पाण्याच्या कितीतरी वर राहिली होती. श्रावणात आपण जिथे भुट्टे खात उभे राहतो, तिथून पाणी इतकं लांब गेलंय की म्हशी गाळ तुडवत प्यायला चालल्या होत्या. गाळाला तळहाताएवढाल्या भेगा, आणि भेगांच्या कडांना शिंपले चिकटलेले. सासरे काही बोलले नाहीत. वाकून एक शिंपला उचलला, रुमालात बांधला आणि म्हणाले, चल.

आता गल्लीचं सांगते. चिटणीसांच्या गोठीत आमचं घर शेवटून तिसरं. आज नळाचा दिवस होता. साडेपाचला उठून बसले. आधी नळाने नुसता श्वास घेतला, मग चहाच्या रंगाचं पाणी, मग करंगळीएवढी धार. पाऊण तासात नऊ बादल्या भरल्या. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी एका गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि पाणी धो धो नालीत चाललं होतं. तिथे मोटर थेट लाईनला लावलेली आहे. खरं सांगायचं तर आमच्याकडेही आहे, आणि मीही आज नंतर लावली. माझ्या मोटरीमुळे शेवटच्या घरातल्या आजींकडे काय पोचलं असेल, हे दुपारी तिघऱ्यावर उभी असताना सुचलं.

म्हणून विचारते. नळ आल्यावर पहिला अर्धा तास गल्लीत कोणीच मोटर लावायची नाही, असं ठरवता येईल का? तुमच्याकडे कोणी केलंय?

तिसरा_मजला | रविवार, रात्री 10.15

ताई, भावना पोचली. पण आम्ही भाडेकरू, तिसऱ्या मजल्यावर. मोटर नसेल तर आमच्याकडे थेंब चढत नाही. खालचे लोक नळाखाली बादली लावून मोकळे होतात. आम्ही काय करायचं? दोन लहान मुलं आहेत, एकाची शाळा सातला. पाण्याच्या दिवशी ऑफिसला उशीर ठरलेला. नियम करायचा असेल तर वरच्यांनाही धरून करा.

दौलतगंजकर | रविवार, रात्री 10.32

मोटरवर बंदी घालून काही होणार नाही. कोण कोणाच्या घरात जाऊन बघणार? त्यापेक्षा गल्लीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढून एक बोअर मारा, विषय संपला.

चावीवाले_काका | सोमवार, सकाळी 6.05

मी 31 वर्षं आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या. निवृत्त होऊनही आता बराच काळ झाला. दोन-तीन गोष्टी नीट सांगतो, थोडं लांबेल.

आधी बोअर. मध्य प्रदेशात पेयजल परिरक्षण अधिनियम आहे, 1986 चा. कलेक्टरांनी भाग जल-अभावग्रस्त जाहीर केला की परवानगीशिवाय नवा बोअर मारता येत नाही. म्हणजे वर्गणी काढण्याआधी चौकशी करा. आणि परवानगी मिळाली तरी खाली पाणी हवं ना. स्वर्णरेखेचं पात्र सिमेंटचं झालं, तेव्हापासून नदीचं पाणी जमिनीत मुरायची वाट बंद झाली. तिच्या काठच्या विहिरी मी भरलेल्या पाहिल्यात. हनुमान बांध, वीरपूर, गिरवाई, मामाचा बांध, ही सगळी साखळी जुन्या लोकांनी टेकड्यांच्या पायथ्याशी उगाच बांधली नव्हती. वर अडवलेलं पाणी खाली लष्करच्या विहिरींना मिळायचं.

आता मोटर. तिघऱ्याचं पाणी मोतीझीलला येतं. तिथे तुरटी, गाळणं, क्लोरीन होतं, मग ते उंच टाक्यांत चढतं आणि टाकीतून तुमच्या गल्लीत उतरतं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, हा हिशोब. टाकी पूर्ण भरलेली असेल तर दाब बरा मिळतो, पाणी कमी असेल तर टाकी अर्धीच भरते आणि धार मंदावते. एक दिवस आड पुरवठा म्हणजे मधले दीड-पावणेदोन दिवस नळी रिकामी पडलेली असते. चावी उघडली की पहिली दहा-पंधरा मिनिटं नळी भरण्यातच जातात. ताईंच्या नळाने श्वास घेतला, ती नळीतली हवा.

याच वेळी कोणी मोटर लावली की काय होतं ऐका. मोटर पाणी ओढते. पाणी नसेल तिथे हवा ओढते. आणि हवाही नसेल तिथे सांध्यातून गटार ओढते. आपल्या जुन्या गल्ल्यांत नळाची लाईन आणि नाली शेजारी शेजारी, कुठे कुठे तर नालीतूनच गेलेली. सांधा जरा जरी ढिला असला तरी घाण आत येते. चहाच्या रंगाचं पाणी आलं, ते सगळंच काही तिघऱ्याचा गाळ नसतो. तेव्हा मोटर लावणारा शेजाऱ्याचं पाणी तर घेतोच, शिवाय त्याला घाणही देतो. उन्हाळ्यात कावीळ आणि जुलाब एकेका गल्लीत का पसरतात, ते यातून कळेल.

तिसऱ्या मजल्याचं म्हणणं बरोबर आहे. त्यावर उपाय असा, की लाईनला मोटर लावायचीच नाही. खाली एक टाकी ठेवायची, नळ तिच्यात आपल्या दाबाने सोडायचा, आणि मोटर त्या टाकीतून वर लावायची. त्याने कोणाचं काही ओढलं जात नाही. 500 लिटरची काळी टाकी जिन्याखाली बसते.

आणखी एक हिशोब. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण आहे. ताईंच्या नऊ बादल्या, 15 लिटरची बादली धरली, तर 135 लिटर झाले. म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं. घरात पाच माणसं असतील आणि पुढचा नळ परवा, तर लागतात 1,350. एक दशांश मिळालं.

गोठकरीण | सोमवार, सकाळी 7.20

काका, आम्ही पाचच आहोत. हा हिशोब वाचून अंगावर काटा आला. कालच्या दिवसात मी तरी निभावलं म्हणत होते.

जुनं_लष्कर | सोमवार, दुपारी 1.10

तिघऱ्याचा विषय निघालाच आहे तर नव्या मुलांसाठी लिहितो, कारण सहलीला सगळे जातात आणि धरणाबद्दल कोणाला काही ठाऊक नसतं.

सांक नदीवर हे धरण 1916 मध्ये पुरं झालं, माधवराव शिंदे महाराजांच्या काळात. त्याला विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. तेच दरवाजे त्यांनी 1903 मध्ये आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले होते. आणि पुढच्याच पावसाळ्यात, 1917 च्या ऑगस्टमध्ये, तिघरा फुटला. पाणी भिंतीवरून वाहू लागलं आणि भिंतीचे मोठाले ठोकळे पायापासून सरकले. दगडी बांधकाम फुटत नाही, अशी समजूत होती. पाया ज्या वालुकाश्मावर होता, तिथे पाण्याने घात केला. पुन्हा बांधून व्हायला 1929 उजाडलं. आज आपण ज्या भिंतीवर उभे राहतो, ती ही दुसरी.

म्हणजे याच धरणाने पाणी जास्त झाल्याचं दुःखही पाहिलंय. माझे आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी तिघरा हा शब्द घरात हळू आवाजात उच्चारत. आता आम्ही तो रोज सकाळी वर्तमानपत्रात शोधतो, किती फूट उरलं म्हणून.

2017 ला पावसाने दगा दिला होता तेव्हाही एक दिवस आड नळ होता. नंतरच्या उन्हाळ्यात ककेटो आणि पेहसारी धरणांचं पाणी कालव्याने तिघऱ्यात आणून शहर जगवलं. ते विसरू नका.

हरसीकाठ | सोमवार, रात्री 8.45

जुनं लष्कर यांच्या शेवटच्या दोन ओळींवर मला बोलायचंय.

आमची शेती भितरवारकडे. पणजोबांना जमीन मिळाली तेव्हापासून आम्ही इथलेच, मराठी फक्त घरात उरली. पार्वती नदीवर वर ककेटो धरण आणि खाली हरसी धरण. ककेटोचं पाणी शहराकडे वळलं की आमच्याकडे यायचं तेवढं कमी होतं. गव्हाला पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, द्यावा लागतो, नाहीतर बी उगवतच नाही. कालवा कधी सुटणार म्हणून आम्ही चार चार दिवस बांधावर बसून राहतो, आणि मग कळतं की पिण्याचं पाणी आधी.

पिण्याचं पाणी आधी, याबद्दल माझी तक्रार नाही. तहानलेल्याला नाही म्हणायची आमच्या घरची रीत नाही. पण गच्चीवरची टाकी वाहून नालीत चाललेलं पाणी, त्यात माझा अर्धा बिघा होता, हे त्या घरापर्यंत पोचवा. एवढंच मागणं आहे.

दौलतगंजकर | सोमवार, रात्री 9.30

हरसीकाठ, तुमचं वाचून गप्प झालो. बोअरचं मी घाईत लिहिलं होतं. आमच्या अंगणात गाडी पाइप लावून धुतात, ते आजपासून बंद. ओलं फडकं आणि अर्धी बादली पुरे.

वडे_सांडगे | मंगळवार, सकाळी 11.00

मोटरीचं पुरुष मंडळी बघतील. मी घरातलं लिहिते, कारण जास्तीत जास्त पाणी आपल्या हातून जातं.

सगळ्यात मोठी नासाडी नळाच्या दिवशी सकाळी होते. परवाचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतायचं आणि हंडे पुन्हा ताजे भरायचे. आमच्याकडे सासूबाईंचा हाच नेम होता. दोन हंडे, एक कळशी आणि माठ, म्हणजे साठ लिटर गेले. एक दिवस आड हे चाललं तर महिन्याचे 900 लिटर. मी त्यांना विचारलं, आई, तिघऱ्यात ते पाणी गेल्या पावसापासून आहे, आपल्या हंड्यात दोन दिवसांत शिळं कसं होईल? त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांनीच तोड काढली. देवाचा तांब्या तेवढा नळाच्या पहिल्या स्वच्छ धारेने भरायचा, बाकी झाकून ठेवलेलं वापरायचं. जुनं उरलेलं आधी कपड्यांना लावायचं.

दुसरं, भांडी. नळाखाली घासणं सोडलं. एका टबात खरकटं काढायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ. तिसऱ्या टबाचं पाणी पुढच्या खेपेला पहिल्या टबात. डाळ-तांदळाचं धुवण तुळशीला आणि कढीपत्त्याला. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी संडासात टाकायला वेगळ्या बादलीत. पाणी गाळायच्या मशीनचं वाया जाणारं पाणी मोजून पाहा एकदा. आमच्याकडे एक हंडा पिण्याचं मिळतं तेव्हा जवळजवळ दोन हंडे बाहेर जातं. त्याची नळी आता फरशी पुसायच्या बादलीत सोडली आहे.

मोरीतला नळ टपकत होता. रात्री खाली गडू ठेवला, सकाळी काठोकाठ भरलेला. वायसर पाच रुपयांचा. चार महिने मी रोज म्हणत होते, बदलू, बदलू.

पुण्यात_स्थायिक | मंगळवार, रात्री 10.20

माहेर लष्करचं, आता तीस वर्षं पुण्यात. जुनं लष्कर काकांनी खडकवासल्याचं लिहिलं आणि धागा सुरुवातीपासून वाचून काढला. मी रोज ज्या धरणाचं पाणी पिते, त्याच्या दरवाजांचं नातं तिघऱ्याशी आहे, हे आज कळलं.

एक विचारू? चिटणीसांच्या गोठीत एका वाड्यात विहीर होती. चौकात, दगडी कठड्याची, खाली उतरायला चार-पाच पायऱ्या. आम्ही मुली भोंडल्याला तिथे जायचो आणि आत डोकावून ओरडलो की आवाज परत यायचा. आहे का ती अजून?

पावसाचाही एक हिशोब देते, पुढच्या वर्षासाठी. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर. शंभर चौरस मीटर गच्ची आणि 500 मिलिमीटर पाऊस धरला तरी 50,000 लिटर. थोडं वाया जाईल, थोडं उडेल, 40,000 धरा. काकांच्या 135 च्या प्रमाणाने पाच माणसांचे जवळजवळ दोन महिने. हे सगळं आज आपण पन्हाळीतून नालीत सोडतो. विहीर असेल तर पन्हाळ तिच्यात सोडायची, आधी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून.

गोठकरीण | बुधवार, सकाळी 6.50

ताई, तो वाडा आमच्याच शेजारचा. विहीर आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी वर फरशी टाकली, कारण एक मांजर पडलं होतं आणि मुलांची भीती वाटायची. त्या फरशीवर आता कपडे वाळत घालायचा स्टँड आणि दोन तुटक्या खुर्च्या आहेत. तुमचं वाचलं आणि रात्री मुलाला घेऊन गेले. फरशीच्या फटीतून खडा टाकला. बराच वेळ काही नाही, मग आवाज आला. पाण्याचा.

चावीवाले_काका | बुधवार, सकाळी 7.30

थांबा, लगेच पिऊ नका. इतकी वर्षं बंद असलेल्या विहिरीत उतरायचंही नाही. आत हवा विषारी होते, माणूस खाली गेला की वर येत नाही. पेटता कंदील दोरीने सोडायचा, विझला तर आतली हवा खराब. पण तेवढ्याने भागत नाही, न विझताही धोका असतो. उपसा आणि गाळ काढायला या कामाची माहिती असलेली माणसंच लावा, आणि फरशी काढून विहीर आधी चार-आठ दिवस उघडी राहू द्या. पाणी तपासून घ्या. तपासणी होईपर्यंत फक्त संडास, फरशी, कूलर. तेवढं जरी झालं तरी नळाचं निम्मं पाणी वाचेल.

तिसरा_मजला | बुधवार, रात्री 9.15

काकांची टाकीची सूचना घरमालकांना दाखवली. आधी नाही म्हणाले, जिन्याखाली त्यांची स्कूटर असते. मग मी हरसीकाठ यांचं लिहिणं वाचून दाखवलं. त्यांचं गावही तिकडचंच निघालं. स्कूटर बाहेर, टाकी आत. निम्मे पैसे ते देणार, निम्मे आम्ही तिघे भाडेकरू.

गोठकरीण | शुक्रवार, सकाळी 8.30

काल संध्याकाळी गल्लीत बैठक झाली. 19 घरं, 14 आली. काकाही आले होते, त्यांनी खडूने रस्त्यावर लाईन काढून दाखवली, कुठून शिरते, कुठे वळते, कोणाचा सांधा नालीत आहे. ते पाहिल्यावर वाद निम्मे झाले. गल्लीच्या तोंडाच्या घरातले दादा मात्र चिडले. ते म्हणाले, आम्ही कर भरतो, आमच्या दारात पाणी आधी येतं हा आमचा गुन्हा आहे का? गुन्हा नाहीच. पण शेवटच्या घरातल्या आजी 78 वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, आणि नळाच्या दिवशी पहाटे शेजारच्या नळावर कळशी घेऊन उभ्या असतात, हे ते ऐकून घ्यायला तयार नव्हते. उठून गेले.

अर्धा तास की पाऊण, यावरही खूप झालं. घड्याळ कोणाचं धरायचं? चावी कधी पाच मिनिटं उशिरा उघडते, कधी दहा. शेवटी आजींच्याच शेजारणीने तोड सुचवली. घड्याळ नको. आजींकडे धार लागली, त्यांची कळशी आणि दोन बादल्या भरल्या, की त्या थाळी वाजवतील. थाळी वाजेपर्यंत कोणी मोटर लावायची नाही.

मधल्या चौकात रस्त्याखाली गळती आहे, कोरड्या दिवशीही तिथली माती ओली असते. तक्रार नोंदवून दोन आठवडे झाले, अजून कोणी आलेलं नाही. काका म्हणाले, क्रमांक जपून ठेव आणि रोज फोन कर. करतेय.

विहिरीची फरशी काल सरकवली. मुलं डोकावू नयेत म्हणून वर लोखंडी जाळी टाकली आहे.

वडे_सांडगे | शुक्रवार, दुपारी 12.40

थाळीची कल्पना फार आवडली. आम्ही दाणाओळीत करून पाहू. आमच्याकडे शेवटचं घर एका मूकबधिर मुलाच्या आईचं आहे, ती घंटा वाजवेल म्हणते.

पुण्यात_स्थायिक | शुक्रवार, रात्री 10.05

विहिरीचा उपसा करायचा ठरला की सांगा, माझ्याकडून वर्गणी धरा. भोंडल्याच्या आम्ही सात जणी होतो, चौघींचे नंबर आहेत माझ्याकडे. त्यांनाही सांगते.

हरसीकाठ | शनिवार, सकाळी 5.20

आज तुमच्याकडे नळाचा दिवस ना? कालवा अजून सुटलेला नाही. बांधावरूनच लिहितोय. काय झालं ते कळवा.

गोठकरीण | शनिवार, सकाळी 7.10

दादा, सांगते.

साडेपाचला चावी उघडली. माझ्या नळाने नेहमीसारखा श्वास घेतला, मग गढूळ पाणी. ते संडासाच्या बादलीत धरलं. मी मोटरीची पिन काढून हातात घेऊन बसले होते, सवयीने हात जाऊ नये म्हणून. गल्लीत इतकी शांतता होती की पाणी पडल्याचे आवाज वेगवेगळ्या घरांतून ऐकू येत होते. मग तोंडाच्या घराकडून मोटर सुरू झाली. माझी धार लगेच बारीक झाली. कोणी ओरडलं नाही. वाड्यातले काका बाहेर आले, मग समोरच्या वहिनी, मग मी. आम्ही तिघं त्यांच्या दाराशी नुसते उभे राहिलो, हातात रिकाम्या बादल्या. दोन मिनिटांनी मोटर बंद झाली. दादा दारात आले नाहीत. खिडकीतून त्यांच्या आई म्हणाल्या, आजींची थाळी वाजली की सांगा गं मला, मला ऐकू कमी येतं.

पाच पन्नासला वाजली. मी जाऊन त्यांना सांगून आले.

आज सतरा बादल्या.